किल्ली कोणाकडे?

दिवाळीची साफसफाई सुरू झाली, की आमच्या माळ्यावरून दरवर्षी एक पत्र्याचा डबा खाली येतो. पूर्वी त्यात बिस्किटे असावीत. आता किल्ल्या आहेत. पंचवीस-तीस तरी असतील. कुठली किल्ली कशाची, हे घरात कोणालाही सांगता येत नाही. ट्रंका मोडीत गेल्या, सायकल चोरीला गेली, कपाट थोरल्या बहिणीने नेले. कुलपे गेली आणि किल्ल्या मागे राहिल्या. सौ. दरवर्षी डबा हातात घेऊन विचारते, "टाकू?" आणि आई दरवर्षी म्हणते, "असू दे गं, लागेल एखादी." डबा पुसून पुन्हा माळ्यावर जातो. तुमच्याकडेही असा डबा असणार. नाही म्हणू नका, नीट शोधा.

२०२४ सालच्या दसऱ्याला या डब्यात एका किल्लीची भर पडली. ती मात्र कशाची, हे आम्हा सगळ्यांना पक्के ठाऊक आहे. तिची हकीकत सांगायचे कारण असे, की हल्ली स्नेहीसोबती मला, म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाला, विचारू लागले आहेत, की ते बोट लावून उघडणारे कुलूप आणि पाहुण्याचे चित्र दाखवणारी घंटा घ्यावी का? आणि घ्यावी तर कोणती? एकदा हात पोळलेल्या माणसाला लोक तज्ज्ञ समजतात, तशातला हा प्रकार.

आमचे जुने घर मळवलीला आहे. पुण्याहून लोकलने निघालात तर लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे. वडील रेल्वेत होते, लोणावळ्याला. निवृत्तीच्या पैशांतून त्यांनी दोन खोल्या, पुढे ओटा आणि मागे न्हाणीघर एवढे बांधले. ओट्यावर बसले की समोर लोहगड आणि त्याच्या शेजारी विसापूर. वडील गेले, आई आमच्याकडे चिंचवडला आली आणि घराला कुलूप लागले. तिकडचे एकटे आमचेच घर बंद असते असेही नाही. २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यापासून कामशेतपासून खंडाळ्यापर्यंत बंगल्यांचे पीकच आले आहे. शनिवार-रविवार माणसे आणि सोमवार ते शुक्रवार कुलपे, अशी तिथली वस्ती.

आमच्या कुलपाची एक किल्ली आमच्याकडे आणि दुसरी मावशींकडे. मावशी म्हणजे आमच्या नात्याच्या कोणी नव्हेत. जवळच्याच वाडीत राहतात, इंद्रायणी भाताचे दोन तुकडे करतात. अठरा वर्षे ती किल्ली त्यांच्या कमरेच्या पिशवीत, तंबाखूच्या डबीशेजारी होती. उतरत्या उन्हाला यायचे, खिडक्या उघडायच्या, केर काढायचा, तुळशीपुढे दिवा लावायचा, श्रावणात ऊन पडले की कपाटातले कपडे ओट्यावर घालायचे, पुस्तकांमागे कडुनिंबाचा पाला सारायचा. आम्ही दरमहा काही रक्कम देत असू. तिला पगार म्हणायला मावशींची जीभ रेटत नव्हती आणि आमचीही.

२०२४च्या श्रावणात आमच्या पलीकडच्या गल्लीत एक बंगला फुटला. मुंबईच्या मंडळींचा. मी पाहायला गेलो होतो. पुढच्या दाराला तळहाताएवढे पितळी कुलूप, सात लिव्हरचे. लिव्हर म्हणजे कुलपाच्या पोटातल्या पट्ट्या. किल्लीने त्या सगळ्या एकाच वेळी बरोबर उंचीला आल्या तरच कुलूप उघडते, म्हणून जितक्या जास्त तितके ते अवघड. तर ते सात लिव्हरचे कुलूप जागचे हललेदेखील नव्हते. चोर मागे गेले होते. न्हाणीघराच्या झरोक्याच्या काचेच्या पट्ट्या त्यांनी एकेक सरकवून काढल्या, नीट भिंतीशी रचून ठेवल्या आणि आत शिरले. नळसुद्धा काढून नेले. जमलेली माणसे पुन्हा पुन्हा पुढच्या दाराशी येऊन म्हणत होती, "पण कुलूप काय मजबूत आहे बघा!"

तिथून परत येताना समोर लोहगड दिसत होता. त्या गडाला एकामागून एक चार दरवाजे आहेत: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वळणावळणाच्या वाटेवर असे बसवले आहेत, की एक फोडावा तो दुसऱ्याच्या माऱ्यात सापडावे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले निवडले, त्यांत लोहगड आहे तो उगीच नाही. आणि तरीही मार्च १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेला हे चार दरवाजे फोडावे लागलेच नाहीत. तिने आधी शेजारचा विसापूर घेतला. विसापूर उंच, लोहगडाला अगदी लगटून. तिथे तोफा चढल्या की लोहगडाचे अंगणच खाली उघडे. गड लढाईवाचून पडला. प्रत्येक घराला असा एक विसापूर असतो. बहुधा तो न्हाणीघरात असतो.

हे मला त्या दिवशी सुचले होते, आणि तरी आम्ही पुढच्या दाराचे कुलूपच बदलले.

माझा भाचा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. मुलगा गुणी, मामावर जीव असलेला. चोरीची बातमी कळताच त्याने फोनवरच निकाल दिला. "मामा, ती किल्ली पहिली बंद करा. अठरा वर्षं दुसऱ्याच्या हातात आहे. तिच्या नकला किती झाल्या असतील, तुम्हाला काय माहीत?" मी यावर काहीतरी बोलायला हवे होते. बोललो नाही.

दसऱ्याच्या मुहूर्तावर तो 'स्मार्ट' कुलूप घेऊन आला. या शब्दाला मराठी काय म्हणावे याचा मी वर्गात बसवून विचार केला. 'शहाणे कुलूप' म्हणावे, तर मराठीत 'शहाणा' हा शब्द कौतुकापेक्षा टोमण्यालाच जास्त वापरतात. हुशार म्हणावे, तर हुशारी पेपरात दिसावी लागते. तसे पाहिले तर कुलूप हा शब्दच मुळात अरबी, आणि चावी पोर्तुगिजांकडून आलेली. आपले घरचे शब्द कोणते? अडसर, खिट्टी, कडी. गंमत अशी, की अडसर आणि खिट्टी आतून लावायच्या गोष्टी. त्या लावायला घरात माणूस असावे लागते. जुन्या वाड्यांत दिवसाचे चोवीस तास कोणी ना कोणी असायचेच. एखादी आजी तरी माजघरात जागी असायची. सगळे घर बाहेर आणि दाराला कुलूप, ही रीत तशी शहराची. मोठ्या शहरात घरफोड्या वाढल्या म्हणजे कुलपे खपतात. १८९७ साली अर्देशिर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, तो अशाच घरफोड्यांच्या बातम्या वाचून, असे सांगतात.

असो. नव्या कुलपासाठी जुन्या सागवानी दाराला खोबण पाडावी लागली. सुतार हळहळला. बोट, आकडे, कार्ड, फोन अशा चार रीतींनी ते उघडे. पोटात चार पेन्सिल सेल. सेल संपत आले की पीं पीं करी. अगदीच संपले तर बाहेरून नऊ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून उघडता येई. शिवाय झाकणाखाली साध्या किल्लीचे भोक होते. ती आणीबाणीची किल्ली सौ.ने जपून ठेवली. कुठे, ते पुढे सांगतो.

आई, मी, सौ., भाचा अशी सगळ्यांची बोटे टिपून झाली. मग मावशींना बोलावले. उजवा अंगठा, डावा अंगठा, तर्जनी. पुसून, सुकवून, तेल लावून. दर वेळी लाल दिवा. साठ पावसाळे चिखलात भात लावलेली आणि राखेने भांडी घासलेली बोटे ती. त्यांच्यावरच्या रेषा कधीच झिजून गेल्या होत्या. मावशी हसल्या. "ऱ्हाऊ द्या. रेशनच्या मशिनीवर बी माजा अंगठा उठत न्हाई. पोराला संगं न्यावं लागतं."

भाचा म्हणाला, "मग तुम्हाला आकडे देतो. आणि कोण कधी आलं ते कुलपात लिहिलं जातं, म्हणजे काळजी नाही."

"कुनाला काळजी न्हाई?" मावशींनी विचारले.

कोणी उत्तर दिले नाही. त्यांनी पिशवीची गाठ सोडली, किल्ली काढली, पदराने पुसली आणि ओट्यावर ठेवली. आकडे त्यांनी घेतले नाहीत. "उद्या काय कमीजास्त झालं तर त्या मशिनीत माजंच नाव निघायचं," एवढे म्हणून त्या गेल्या. खरे म्हणजे ती नोंद त्यांच्याही बाजूची साक्ष होती. अमक्या दिवशी आपण आलोच नव्हतो हे त्यांना तीवरून दाखवता आले असते. पण अठरा वर्षांत ज्यांना साक्ष लागली नाही, त्यांना ती आता का लागावी, हे मला समजावून सांगता येईना. किल्ली आईने उचलली आणि चिंचवडला आल्यावर डब्यात टाकली.

घंटेची कथा त्या मानाने सुखाची. दारापुढे काही हलले की ती भाच्याच्या आणि माझ्या फोनवर चित्र धाडी. पहिल्या रविवारी सदतीस चित्रे आली. त्यांत एकवीस माकडे, चार कुत्री, एक वाट चुकलेले जोडपे आणि बाकीचे कोळी. कोळी म्हणजे जाळे विणणारा. रात्री कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश चालू असतो, त्याकडे किडे येतात, किड्यांकडे कोळी येतो आणि तो काचेवरून चालू लागला, की फोनवर हत्तीएवढा दिसतो. पावसाळ्यात धुके उतरले की तोच प्रकाश धुक्यावरून उलटतो आणि चित्र दुधासारखे पांढरेफेक होते. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आमच्याकडे त्याहून थोडा कमी, पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

२०२५च्या जूनमध्ये आई घरातच पडली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया, मग चालण्याचा सराव. मळवलीला जाणे राहूनच गेले. जुलैत एका रात्री तिकडची वीज गेली, बहुधा मीटरपाशी काही जळले. इंटरनेटची पेटी बंद, घंटा बंद. भाच्याच्या फोनवर 'संपर्क नाही' असे आले. त्याला वाटले, पावसाने जाळे गेले असेल, येईल. कुलपाचे सेल उतरू लागले असणार, आणि ते नेमाने पीं पीं करत असणार. पण ऐकायला कोणी तर हवे!

नवरात्र संपल्यावर आईला घेऊन आम्ही मळवलीला गेलो. कुलूप ढिम्म हलेना. बोट नाही, आकडे नाहीत, दिवासुद्धा नाही. "आणीबाणीची किल्ली?" मी विचारले. सौ.चा चेहरा उतरला. ती जपून ठेवली होती, आतल्या कपाटात.

भाचा गाडी घेऊन चौकोनी सेल आणायला लोणावळ्याच्या बाजारात गेला. रविवार होता, एक तास गेला. आई काठी टेकून ओट्याच्या पायरीवर बसली होती. तेवढ्यात वाडीकडून मावशी आल्या. काही न विचारता परत गेल्या आणि खुर्ची घेऊन आल्या. दुसऱ्या खेपेला चहा. दोघी हाडाबद्दल, भातावरच्या रोगाबद्दल, कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत राहिल्या. घराबद्दल अक्षर नाही.

मी लोहगडाकडे पाहत बसलो होतो. नाना फडणिसांनी आपला खजिना त्या गडावर ठेवला होता. चार दरवाजे होतेच. पण नानांसारखा माणूस केवळ दरवाज्यांवर विसंबणारा नव्हता. त्यांनी तो धोंडोपंत नित्सुरे यांच्या हवाली केला. १८०० साली नाना वारले. मालक गेला, पुण्यात सगळा गोंधळ, विचारणारे कोणी नाही. नित्सुऱ्यांनी त्यानंतरही नानांच्या पत्नी जिऊबाई यांच्यासाठी गड राखला, आणि त्यांच्या सुरक्षिततेचा शब्द मिळाल्यावर १८०३मध्ये तो सोडला. नानांनी नित्सुऱ्यांच्या अंगठ्याचा ठसा घेतला होता की नाही, याची बखरकारांनी नोंद केलेली नाही.

सेल आला, कुलूप उघडले. दार मात्र उघडेना. ओलीने फुगून ते चौकटीत घट्ट बसले होते. भाच्याने खांदा लावला. आत पहिल्यांदा आला तो वास. भिंतीला काळी बुरशी, गादीला हिरवी. एक कौल सरकून पाणी थेट पुस्तकांच्या कपाटावर पडत राहिले होते, आणि त्या ओलीच्या वाटेने वाळवी चढली होती. वडिलांच्या वह्या खालच्या फळीवर होत्या. चाळीस वर्षे ते रोज रात्री चार ओळी लिहीत: गाडी किती उशिरा आली, घाटात काय झाले, भाजी काय भावाने मिळाली, मला ताप किती होता. मी एक वही उचलली तर पुठ्ठे हातात आले आणि मधून माती पडली. एकूण बावीस वह्या होत्या. सहा वाचल्या.

चोर आला नव्हता. एक चमचाही इकडचा तिकडे झाला नव्हता.

आई दारात उभी राहून सगळे पाहत होती. ती भाच्याला काहीच बोलली नाही. मला म्हणाली, "आता ती आतली किल्ली काढ." मी कपाटातून आणीबाणीच्या किल्ल्या काढल्या, दोन होत्या. आईने एक घेतली आणि काठी टेकत ओट्यापर्यंत गेली. काय बोलणे झाले मला ऐकू आले नाही. मावशी बराच वेळ नाही नाही म्हणत होत्या, एवढे मानेवरून दिसले. मग पिशवीची गाठ सुटली.

ते कुलूप आम्ही काढून टाकलेले नाही. आता त्याला दोष द्यायचाही नाही. मूर्खपणा आमचा होता. आमच्या माघारी गॅसवाला किंवा नळवाला येणार असेल, तर त्याच्यापुरते, एका दिवसाचे आकडे देता येतात, ही सोय मोठी आहे. म्हणून विचारणाऱ्यांना मी हल्ली एवढेच सांगतो: दुकानात जाण्याआधी त्या दारातून कोणकोण ये-जा करते ते मोजा, आणि त्यांतले ज्याचे हात सर्वांत जास्त झिजले आहेत, त्याला उघडता येईल असे कुलूप घ्या. किल्लीचे भोक नसलेले घेऊ नका, आणि ती किल्ली त्याच दाराच्या आत ठेवू नका. सेल तारीख पाहून बदला, पीं पीं ऐकून नव्हे. आकडे दाबताना पुढेमागे चार खोटे आकडे दाबता येतात का ते विचारा; नाहीतर बोटांच्या डागांवरून चोर ते वाचतो. आणि जन्मतारीख तर मुळीच नको, ती सगळ्या नात्यात माहीत असते. पावसाळी गावात कुलपाआधी सुतार बोलवावा. फुगलेल्या दाराशी झगडून आतली मोटर थकते. रंधा मारून फट मोकळी केली की निम्मे काम झाले.

घंटा घ्यायची तर चित्रे तिच्याच पोटातल्या कार्डावर उतरणारी घ्या. २०२५च्या नरकचतुर्दशीला, म्हणजे २० ऑक्टोबरला, अमेरिकेत व्हर्जिनियात अ‍ॅमेझॉनची संगणक यंत्रणा कोलमडली, तेव्हा जगभर हजारो घरांच्या कॅमेऱ्यांच्या घंटा मुक्या झाल्या. दार पुण्याला आणि डोळा व्हर्जिनियाला, हा व्यवहार काही खरा नव्हे. तिचा मूळचा परवलीचा शब्द आणल्या दिवशी बदला. ऑक्टोबर २०१६मध्ये लक्षावधी कॅमेरे आणि तसलीच यंत्रे कारखान्यातून आलेल्या शब्दावरच चालू होती. कोणीतरी ती सगळी ताब्यात घेऊन अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळे दिवसभर बंद पाडली. इंटरनेटच्या पेटीला छोटा इन्व्हर्टर लावा. आणि हे सगळे करण्याआधी न्हाणीघराच्या झरोक्याला आतून लोखंडी गज बसवा. आमच्याकडे त्याला कुलपाच्या किमतीच्या पाव हिश्श्याहूनही कमी खर्च आला.

भाचा आता महिन्यातून एकदा मळवलीला जातो. सहा वह्यांची पाने तो फोनवर एकेक टिपून घेतो आहे. अक्षर लागले नाही की मला विचारतो.

संध्याकाळी सात वाजता चिंचवडला आमच्या जेवणघरात माझा फोन वाजतो. तो मी उचलायचा नाही, असा नियम झाला आहे. आई चष्मा शोधते. दाराशी मावशी उभ्या असतात. घंटा दाबत त्या कधीच नाहीत, कॅमेऱ्यापुढे चेहरा आणतात आणि घर ऐकते आहे अशा बेताने मोठ्यांदा सांगतात, "दिवा लावला बरं का. कारली आल्यात. ह्या आयतवारी न्यायला या." मग हातातले एक कारले पुढे धरतात. ते फार जवळ धरल्यामुळे सगळा फोन हिरवा होतो.